भाऊ म्हणतो, "मराठी मिस्सा खरी नाही." त्याला काय सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या एका ताईंचा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. वर्षभर यूट्यूबवर अमेरिकेतले आणि युरोपातले कॅथलिक व्हिडिओ बघून त्याचं मत झालंय की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५ मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने) चर्चची वाट लावली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असेल तेवढीच खरी, तिच्यात आरती ओवाळणं म्हणजे मूर्तिपूजा, आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, हातावर घेणं पाप. सुट्टीला घरी आला की रविवारी मिस्सेला येत नाही, खोलीत बसून जपमाळ म्हणतो. आई रडते. ताई विचारतात, "त्याचं बरोबर की आमचं?"

ताई, मी नाशिकमध्ये बरीच वर्षं प्रौढांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आणि चर्चच्या क्वायरचंही बघते. मी ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) पंडित नाही. पण हेच प्रश्न घेऊन येणारी मुलं अलीकडे वाढली आहेत आणि त्यातली बरीचशी वाचणारी, मनापासून प्रार्थना करणारी असतात. त्यामुळे पहिली विनंती अशी की त्याला "डोकं फिरलंय तुझं" म्हणू नका. जो मुलगा आपणहून जपमाळ हातात घेतो त्याची श्रद्धा संपलेली नसते. तुमचा खरा प्रश्न बरोबर कोण हा नाहीच. तो एका दमात तीन-चार वेगळ्या गोष्टी बोलतोय, त्यातल्या कोणत्या ऐकून घ्यायच्या आणि कुठे त्याला थांबवायचं, हा आहे.

"मला जुनी मिस्सा (परिषदेआधीची, लॅटिन) आवडते" हे एक म्हणणं. "नव्या मिस्सेत काहीतरी हरवलं" हे दुसरं. "नवी मिस्सा मिस्साच नव्हे" हे तिसरं. पहिली आवड झाली, दुसरी टीका झाली. ही दोन्ही उराशी धरून माणूस आपल्याच पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) जन्मभर राहू शकतो, कुणी त्याला हाकलू शकत नाही. तिसरं मात्र त्याला चर्चबाहेर नेतं. ते खरं मानलं तर पन्नासहून जास्त वर्षं जगभरच्या वेदींवर काहीच घडलं नाही, आणि पोपपासून तुमच्या आईला रविवारी ख्रिस्तप्रसाद देणाऱ्या फादरांपर्यंत सगळे एक तर फसलेले किंवा फसवणारे. व्हिडिओवाले या तिन्हींची सरमिसळ करतात. सुरुवातीला सुंदर ग्रेगोरियन गायन (चर्चचं जुनं लॅटिन गायन), मध्ये थोडी रास्त टीका, आणि शेवटी हळूच "रोमची गादी १९५८ पासून रिकामी आहे", म्हणजे तेव्हापासूनचे पोप खरे पोपच नव्हेत. तुमचा भाऊ यातल्या कोणत्या पायरीवर आहे ते मला इथून दिसत नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. म्हणून त्याला वाद घालण्याआधी विचारा.

मी वर्गात काय करते ते सांगते. आक्षेप कागदावर लिहायला लावते आणि शेजारी, हे कुठल्या दस्तऐवजात आहे, ते लिहायला सांगते. मग परिषदेचा उपासनेवरचा मूळ दस्तऐवज हातात देते. तो ४ डिसेंबर १९६३ चा आहे, बाजूने २१४७ मतं आणि विरोधात ४. पुढे विरोधकांचे म्होरके झालेले आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांचीही त्यावर सही आहे. कलम ३६ म्हणतं, लॅटिनचा वापर टिकवावा, आणि लोकभाषेला अधिक वाव देता येईल. कलम ५४ म्हणतं, भाविकांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावेत. कलम ११६ ग्रेगोरियन गायनाला मानाची जागा देतं. आणि फादरांनी लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणावी, असं त्या दस्तऐवजात एकही वाक्य नाही. हे वाचलं की वर्गात दोन्ही बाजू गप्प होतात. परिषदेने लॅटिन बंद केली म्हणून खूश असलेले आजोबा आणि परिषदेने लॅटिन बंद केली म्हणून चिडलेला मुलगा, दोघेही एकाच ऐकीव गोष्टीवर भांडत असतात.

मग बदल झाले कसे? पोप सहावे पॉल यांनी नवं मिस्सा-पुस्तक ३ एप्रिल १९६९ ला जाहीर केलं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरपासून, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारपासून, ते लागू होऊ लागलं. परिषदेच्या दस्तऐवजापेक्षा हे काम बरंच पुढे गेलं, असं म्हणणारे केवळ आडमुठे लोक नव्हते. सप्टेंबर १९६९ मध्ये ओत्ताव्हियानी आणि बाच्ची या दोन कार्डिनलांनी पोपना पत्र लिहून नव्या मिस्सेबद्दल गंभीर शंका मांडल्या. मिस्सा हे बलिदान आहे, ही गोष्ट त्यात फिकी पडते, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे टीका पहिल्या दिवसापासून आहे आणि ती चर्चच्या आतून झाली. लफेव्र यांनी १९७० मध्ये जुनी मिस्सा चालू ठेवणारा आपला धर्मगुरूंचा संघ काढला, १९७६ मध्ये त्यांना धर्मगुरू म्हणून काम करायला मनाई झाली, आणि ३० जून १९८८ ला पोपच्या आज्ञेविना चार बिशपांना अभिषेक केल्यावर ते बहिष्कृत झाले. त्या चौघांवरचा बहिष्कार पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये उठवला. जुन्या मिस्सेची वाट त्यांनीच २००७ मध्ये मोकळी केली होती. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा अरुंद केली आणि परवानगी बिशपांच्या हातात दिली. इतकं भावाला ठाऊक असेलच. नसेल तर ज्या विषयावर तो आईला रडवतोय त्याची तोंडओळख तरी करून घे म्हणावं.

आता जिथे त्याच्या बाजूने मला बोलावंसं वाटतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एकतर्फी आहे. नव्या व्यवस्थेत रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात. आधी एकाच वर्षाचं चक्र होतं, दरवर्षी तीच वाचनं. आपल्या लोकांना आज बायबल जेवढं ऐकायला मिळतं तेवढं आधी मिळत नव्हतं, यात वाद नाही. पण पवित्र गुरुवारचं (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचं) दुसरं वाचन काढून बघा. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, २३ ते २६ ओव्या. प्रभूने भाकर घेतली, आभार मानले, इथून सुरू होऊन प्रभूच्या मरणाची घोषणा करता, इथपर्यंत येऊन वाचन थांबतं. जुन्या पुस्तकात ते पुढे जायचं, जिथे पौल सांगतो की अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा प्रभूच्या शरीराचा आणि रक्ताचा दोषी ठरतो, म्हणून माणसाने आधी स्वतःला पारखावं. ख्रिस्तशरीराच्या सणालाही जुन्या क्रमात हा भाग होता. नव्या क्रमात तो दोन्हीकडे नाही. तुमचा भाऊ जर म्हणत असेल की आजकाल कन्फेशनची (फादरांपुढे पापं कबूल करण्याची) रांग आखूड आणि ख्रिस्तप्रसादाची लांब झाली, तर त्या म्हणण्याला असा पुस्तकातला आधार आहे. मी वर्गात त्या पुढच्या ओव्या मुद्दाम वाचून घेते. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

शांततेचंही तसंच. आपल्याकडे मिस्सा संपायच्या आत ढोलकी, की-बोर्ड, सूचना, वाढदिवसाच्या टाळ्या. याचं खापर परिषदेवर फोडता येत नाही. ही आपली सवय आहे आणि क्वायरवाली म्हणून त्यात माझाही हात आहे.

आरतीचा मुद्दा मात्र जरा सावकाश घ्यावा लागेल, कारण इथे व्हिडिओतला तयार आक्षेप आपल्या मातीत आणून लावलाय. २५ एप्रिल १९६९ ला रोमने भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून बारा गोष्टींना मोकळीक दिली. जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमन, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, थाळी, पंचांग प्रणाम, आरती. कुठे किती वापरायचं ते स्थानिक पातळीवर ठरतं. आमच्याकडे सणाच्या मिस्सेत फादर भाकर आणि चषक उंच धरतात तेव्हा दोन मुली थाळी घेऊन पुढे येतात. त्यात झेंडूच्या पाकळ्या, एक निरांजन आणि उदबत्ती. तीन वेळा ओवाळून त्या मागे सरकतात. ओवाळलं कुणाला? त्या क्षणी वेदीवर जो आहे असं आपण आणि तुमचा भाऊ दोघंही मानतो, त्यालाच. मूर्तिपूजा ठरते ती पूजा कुणाची चालली आहे यावरून, थाळीवरून नाही. त्याला प्रिय असलेल्या मेणबत्त्या आणि धूपसुद्धा एके काळी रोमन दरबारात बड्या अधिकाऱ्यांपुढे चालायच्या, तिथूनच चर्चमध्ये आल्या.

आणि हे परिषदेचं खूळ आहे असं तो म्हणाला तर त्याला तीनशे-चारशे वर्षं मागे न्या. १६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रसार कार्यालयाने पूर्वेकडच्या मिशनऱ्यांना बजावलं होतं की धर्म आणि नीतीला उघड बाधक नसतील तर लोकांचे रीतिरिवाज बदलायला लावू नका. फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये न्यायचं काही कारण नाही. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात थॉमस स्टीफन्स या जेजुइट (येशूसंघाच्या) फादरांचं ख्रिस्तपुराण चर्चच्या परवानगीने छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या, त्यात स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलंय, आणि हे पुराण चर्चमध्ये लोकांपुढे वाचलं जायचं. मिस्सा लॅटिनच होती हे खरं. पण मराठीत ख्रिस्त आणण्यासाठी कुणी १९६९ ची वाट बघत बसलं नव्हतं. उलटही झालं आहे, तेही सांगायला हवं. १७४४ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी दक्षिणेतल्या मिशनमधल्या कितीतरी स्थानिक चालीरीतींवर कडक बंदी घातली. चर्चने या प्रश्नावर कधी दोर सैल सोडला, कधी आवळला. "आधी सगळं ठरलेलं होतं आणि १९६२ नंतर बिघडलं" हे चित्र दोन्ही बाजूंनी इतिहासात बसत नाही.

आरतीवर याहून टोकदार आक्षेप मी यूट्यूबवर ऐकलेला नाही, आपल्याच लोकांकडून ऐकलाय. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, तिकडच्या खेड्यांतून नाशिकला आलेली आपली बरीच कुटुंबं दलित समाजातली आहेत. याच नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या आज्यापणज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्यासमोर मिस्सेत संस्कृत श्लोक आणि भगवी शाल आणली तर ते विचारणारच, "ही कुणाची संस्कृती तुम्ही आमची म्हणून देताय?" दलित ईशज्ञानात हा प्रश्न बऱ्याच काळापासून विचारला जातोय आणि मला तो भावाच्या प्रश्नापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. म्हणून आम्ही श्लोकांऐवजी अभंग आणि ओव्या घेतो. नारायण वामन टिळकांची पदं आमच्या क्वायरच्या वहीत आहेत. टिळक प्रोटेस्टंट होते, हे कळल्यावर एका मुलाने वही मिटली होती. मी त्याला म्हटलं, चुकीची ओळ दाखव, काढून टाकते. त्याला ती सापडली नाही.

लॅटिनबद्दल एवढंच. रोममधल्या ख्रिस्ती लोकांची उपासना सुरुवातीला ग्रीकमध्ये होती, लॅटिन नंतर आली. कॅथलिक चर्चमध्ये पूर्वेकडच्या पंथांची उपासना तर कधीच लॅटिनमध्ये नव्हती. नाशिकमधल्या तुमच्या मल्याळी शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्या सिरो-मलबार पंथाची सिरियाक उपासना मल्याळममध्ये आली ती १९६२ सालीच. परंपरावादी ज्यांना आदर्श मानतात त्या पोप दहाव्या पायस यांनीही कमी बदल केले नाहीत. १९०५ मध्ये त्यांनी वारंवार, शक्यतो रोज ख्रिस्तप्रसाद घ्यायला सांगितलं, १९१० मध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय सातच्या आसपास आणलं. तेव्हाही कुरकुर झाली. बाराव्या पायस यांनी पवित्र आठवड्याचे विधी १९५५ मध्ये बदलले. रविवारी मिस्सा सोडून घरी जपमाळ म्हणत बसा, असं मात्र यातल्या एकाही पोपने सांगितलेलं नाही. जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात रविवारची मिस्सा चुकवणं हे गंभीर पापच आहे. त्याला जुनं हवं असेल तर हेही जुनंच आहे.

धर्मस्वातंत्र्यावरच्या आक्षेपाला मी फार वेळ देत नाही. ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रात परिषदेने म्हटलं की धर्माच्या बाबतीत राज्याने कुणावर जबरदस्ती करू नये. युरोपातले परंपरावादी म्हणतात, कॅथलिक राज्याचा आदर्श सोडायला नको होता. फ्रान्समध्ये बसून हे म्हणता येतं. आपण इथे संविधानाच्या कलम २५ च्या भरवशावर चर्चची घंटा वाजवतो. ज्या तत्त्वावर आपण उभे आहोत तेच चूक होतं, असं नाशिकमधल्या ख्रिस्ती मुलाने म्हणावं, हे मला समजत नाही.

तर आतापर्यंतचा हिशेब असा. त्याची आवड चालेल, त्याच्या टीकेतला काही भाग खरा आहे, आरतीचा आणि भाषेचा आक्षेप इतिहासात टिकत नाही, आणि "मिस्साच नव्हे" हे म्हणणं चालणार नाही.

आता घरात काय करायचं ते. बहुतेक मुलांना ठाऊक नसतं की त्यांना हवं ते पुष्कळसं मागितलं तर मिळतं. २००४ च्या रोमच्या सूचनापत्रात स्पष्ट आहे की ख्रिस्तप्रसाद जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला नेहमीच आहे, आणि केवळ गुडघे टेकले म्हणून कुणाला तो नाकारता येत नाही. म्हणजे भावाने नाशिकरोडच्या कुठल्याही मिस्सेत गुडघे टेकून जिभेवर घ्यावा. लोक बघतील, बघू देत. बाकीच्यांचं पाप मोजायचं मात्र थांबवावं, कारण हातावर घेण्याची परवानगीही रोमचीच आहे. नवी मिस्सा लॅटिनमध्ये म्हणायलाही धर्मगुरूंना वेगळी परवानगी लागत नाही, फक्त लोकांसाठी ठरलेल्या मराठी मिस्सेच्या जागी ती घुसवता येत नाही. १९६२ च्या पुस्तकातली जुनी मिस्सा हवी असेल तर ती बिशपांच्या परवानगीने जिथे होते तिथेच. तशी तुमच्या जवळपास आहे का, हे धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारा, यूट्यूबवर नको.

आम्ही उपवासकाळात (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या काळात) 'सांक्तुस' आणि 'आग्नुस देई' ही मिस्सेतली गाणी लॅटिनमध्ये गातो. देवनागरीत लिहून झेरॉक्स काढल्या, श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ मारली. पहिल्या रविवारी मागच्या बाकांवरून खोकल्याखेरीज काही ऐकू आलं नाही. मग आज्यांनी सूर धरला. त्यांना 'तांतुम एर्गो' हे लॅटिन गीत लहानपणापासून पाठ, त्यांच्यासाठी ही माहेरची भाषा. भावाला गळा असेल तर क्वायरमध्ये पाठवा. माझा अनुभव असा की चर्चवर टीका करणाऱ्या मुलाला चर्चमध्ये काम दिलं की त्याची टीका कमी होत नाही, पण नेमकी होते, आणि तशी टीका आम्हाला उपयोगी पडते.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाल येशूची यात्रा असते तेव्हा त्याला घेऊन जा. वसई-मुंबईपासून आलेली माणसं, वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा, उन्हात उभी असलेली रांग, हातात मेणबत्त्या. परिषदेनंतर लोकांची भक्ती आटली, हे वाक्य तिथे उभं राहून पुन्हा म्हणून बघ, असं त्याला सांगा. तो कदाचित म्हणेल की भक्ती आहे पण शिकवण नाही. ते मला अर्धं मान्य आहे.

काळजी कधी करायची? पुण्यात तो कुठे मिस्सेला जातो ते विचारा. लफेव्र यांच्या संघाकडे जात असेल तर घाबरून जाऊ नका. त्यांची स्थिती चर्चच्या कायद्यात अजून सरळ झालेली नाही, पण फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्यांच्या धर्मगुरूंना कन्फेशन ऐकण्याचा अधिकार दिला आणि २०१७ मध्ये त्यांच्याकडच्या लग्नांसाठीही वाट काढली. एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा हॉलमध्ये कुणी स्वतःला बिशप म्हणवणारा मिस्सा म्हणत असेल आणि "तुम्ही कोणत्या बिशपांच्या हाताखाली?" या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसेल, तर मात्र तिथून त्याला बाहेर काढायचं बघा. तो ज्यूंवरच्या कटकारस्थानांच्या गोष्टी बोलू लागला असेल, पैसे पाठवत असेल, किंवा आईच्या हातचा प्रार्थनेचा दिवासुद्धा त्याला खुपू लागला असेल, तर प्रश्न मिस्सेचा उरलेला नाही. तेव्हा दस्तऐवज दाखवून उपयोग नाही. त्याला माणसं लागतील, आणि कदाचित समुपदेशकही.

आईंना सांगा, त्याच्या खोलीचं दार वाजवून संध्याकाळची जपमाळ त्याच्याबरोबर म्हणा. तो लॅटिनमध्ये म्हणत असेल तर त्याने अर्धं लॅटिनमध्ये म्हणावं, त्यांनी उत्तर मराठीत द्यावं. वाद तुमच्यासाठी ठेवा, त्यांना त्यात ओढू नका.

आणि तुमच्या फादरांशी बोलायचं असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. रविवारी मिस्सेनंतर दारात उभं राहून हा विषय काढू नका. तेव्हा त्यांना पुढच्या मिस्सेला पोचायचं असतं आणि उत्तर "बघू नंतर" एवढंच मिळतं. भावाचा आक्षेपांचा कागद बरोबर न्या आणि शक्य झालं तर भावालाही. तो यायला तयार नसेल तर त्याला माझ्या वर्गाचं सांगा. शनिवारी संध्याकाळी असतो, प्रश्न आधी लिहून आणावा लागतो.